मदत हवी आहे: आयईईई विद्यार्थी शाखा, सभासद आणि हिशेब

नमस्कार मंडळी. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आयईईईची (इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, काँप्युटर अशा क्षेत्रांतल्या इंजिनिअरांची आंतरराष्ट्रीय संस्था) विद्यार्थी शाखा सुरू करायची आहे. अर्जाला किमान 12 विद्यार्थी सभासद लागतात आणि मार्गदर्शक प्राध्यापकही आयईईईचे सभासद हवेत. सध्या 14 नावं आहेत, पण त्यातली 9 शेवटच्या वर्षाची. म्हणजे मे महिन्यात उरणार फक्त 5!

खरी अडचण कॅलेंडरची आहे. सभासदत्व जानेवारी ते डिसेंबर, आपलं कॉलेजचं वर्ष जुलै ते मे. कमिटी जुलैत निवडली, तर सहा महिन्यांत अध्यक्षाचंच सभासदत्व संपतं आणि नूतनीकरण ऐन सेमिस्टर परीक्षेत राहून जातं. कमिटी जानेवारीत बदलणारं कॉलेज आहे का कुठलं? दुसऱ्या वर्षाची मुलं तेव्हा जबाबदारी घेतात का?

दुसरं म्हणजे पैसे. वर्कशॉपची फी खजिनदाराच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नये हे पटतं (पुढच्या खजिनदाराला हिशेब लागतच नाही), पण कॉलेजच्या खात्यातून वक्त्याचं 2,000 रुपये प्रवासभाडं काढायलासुद्धा तीन सह्या लागतात. आगाऊ उचल घेऊन नंतर बिलं जोडता का? की विभागाकडे शाखेचं वेगळं खातेपान ठेवलंय?

काँप्युटर सोसायटीचं (आयईईईचाच काँप्युटर विषयाचा विभाग) चॅप्टरही, म्हणजे शाखेतला त्या विषयाचा गटही, मनात आहे. त्याला सोसायटीचे 6 सभासद पुरतात, पण तिची फी वेगळी. शाखेसोबतच काढावं की वर्षभर थांबावं? मला तर थांबावंसं वाटतं. ज्यांनी शाखा चालवलीय त्यांनी सांगा. जुन्या कमिटीनं नव्या कमिटीला द्यायच्या हस्तांतराच्या फाइलचा नमुना असेल तर फारच उत्तम.