३४४७ चे ४००० कसे झाले?

प्रश्न
मुलगी चौथीत आहे. ‘३४४७ जवळच्या हजारात लिहा’ असं गणित होतं, तिनं लिहिलं ४०००. वहीत लाल फुली. तिच्या पायऱ्या अशा: एककात ७, म्हणून ३४५०. आता दशकात ५, म्हणून ३५००. आता शतकात ५, म्हणून ४०००. प्रत्येक पायरी नियमाला धरूनच आहे की! अर्धा तास वही घेऊन बसले, चूक कुठे दाखवायची तेच कळेना. ‘फक्त शतकाचा अंक बघायचा’ हे मलाही पाठ आहे, पण तेवढं सांगून तिला गप्प करायचं नाहीये. का, ते सांगा.

प्रतिसाद १
ताई, तिला एक रेघ काढू द्या. एका टोकाला ३०००, दुसऱ्या टोकाला ४०००, मधोमध ३५००. ३४४७ मध्याच्या अलीकडेच येतं: ३००० पासून ४४७ दूर, ४००० पासून ५५३. पहिल्या पायरीनंतर तिच्या हातात ३४४७ उरलंच नव्हतं, ती ३४५० राउंड ऑफ करत होती.

प्रतिसाद २
मी प्राथमिकला गणित शिकवते. एकच अंक का पुरतो, ते स्थानिक किमतीतच आहे. शतकस्थानी ४ असताना दशक आणि एकक कितीही भरा, ९९ च्या पुढे जात नाहीत. म्हणजे फार तर ३४९९. काड्यांनी करून दाखवा: दहा-दहाचे ९ गठ्ठे, ९ सुट्या काड्या, तरी शंभराला एक काडी कमीच! आणि शतकस्थानी ५ असेल, तर मागे दोन्ही शून्यं असली तरी मध्य गाठलेला असतो.
पुढे ९९६२ जवळच्या शतकात लिहायला द्या. बरीच मुलं ९ चे १० करून ते तसेच शतकाच्या जागी ठेवतात आणि उत्तर येतं ९१०००. दहा शतकांचा एक हजार होतो, तो हातचा पुढे गेला की १००००.

प्रतिसाद ३
बरोबर ३५०० असेल तर दोन्हीकडचं अंतर सारखंच. तिथे वर जायचं हा निव्वळ संकेत आहे, हेही तिला सांगा.

प्रश्नकर्ती
रेघ काढली, काड्याही मोजल्या. मग तिनंच मला गणित घातलं: ७४९९, जवळच्या हजारात. मी ‘सात हजार’ म्हटल्यावर म्हणाली, “एकच काडी कमी पडली ना!”