ब्राउझरमधली अ‍ॅड-ऑन्स : तुम्हाला काय अनुभव आला?

देवगड

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. ऐन हंगाम, पडवीत हापूसच्या पेट्या, आणि ऑर्डरी, बिलं, बँक सगळं एकाच लॅपटॉपवर. एका गिऱ्हाइकाला पीडीएफ हवी होती, म्हणून मी ब्राउझरला फुकटचा एक कन्व्हर्टर जोडला. ब्राउझरला वरून जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामलाच अ‍ॅड-ऑन किंवा एक्स्टेंशन म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधलं की आधी क्षणभर भलतंच पान चमकून जायचं, मग उत्तरं यायची. कामाच्या रगाड्यात महिनाभर तिकडे लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात भाचा आला. त्याने एक्स्टेंशनची यादी उघडली, तर चार निघाली. दोन कधी टाकली ते मला आठवेचना. कन्व्हर्टरच्या खाली ‘तपशील’ दाबल्यावर लिहिलेलं होतं, की सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी याला आहे. सर्व म्हणजे बँकेचं पानसुद्धा! परवानगी मीच दिली होती, न वाचता. पैसे गेले नाहीत, पण त्या रात्री झोप लागली नाही. चारही काढली आणि दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले.

आपल्याकडे घरोघरी होमस्टे आणि आंब्याचा धंदा आता नेटवर चालतो. कुणाला असं काही झालं असेल तर मोकळेपणी सांगा.

मालवण

ताई, आमचं तर पान गेलं. होमस्टेचं, सहा वर्षांचे फोटो आणि पाहुण्यांचे अभिप्राय असलेलं. मुलाने फोटोखालचा मजकूर लिहून देणारं एआयचं एक अ‍ॅड-ऑन टाकलं होतं. आठ दिवसांनी सकाळी पाहतो तर पानाचं नाव बदललेलं आणि आम्हीच बाहेर. ओटीपी आला नाही, नवीन लॉगिनची सूचना आली नाही. आमच्या नावाने दोन पाहुण्यांकडून तीन-तीन हजार आगाऊ घेतले. त्यातलं एक कुटुंब सामानासकट दारात उभं राहिलं. त्यांना आम्ही खोली दिली, पण त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पान परत मिळालं नाही. ओटीपीशिवाय कोणी आत शिरलंच कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

राजापूर (सध्या डोंबिवली)

गणपतीच्या तात्काळ तिकिटासाठी प्रवाशांची नावं आपोआप भरणारं अ‍ॅड-ऑन घेतलं होतं. अकराच्या ठोक्याला स्लीपर उघडतं, तेव्हा एकेक सेकंद मोलाचा असतो. पण त्यात लॉगिन, पासवर्ड आणि कार्डाचा नंबरही भरून ठेवायचा होता. तिथेच हात थांबला. गाव गाठायला एसटी आहेच.

चिपळूण

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हे रोज बघतो. मालवणकर, लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. ती चिठ्ठी ज्याच्या हातात, तो आत आलेलाच समजला जातो, त्याला ओटीपी विचारला जात नाही. अ‍ॅड-ऑनने तीच उचलली असणार. अशा वेळी आधी अ‍ॅड-ऑन काढायचं, मग ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करायचं आणि मग पासवर्ड बदलायचा. नुसता पासवर्ड बदलून जुनी चिठ्ठी रद्द होईलच असं नाही.

लोक म्हणतात, ‘चांगले स्टार बघून घेतलं होतं.’ घेतलं तेव्हा ते चांगलंच असेल. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेंशन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ माणसाने ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. अपडेट आपोआप येतं, मालक बदलला तरी तुम्हाला कोणी विचारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तर ‘सायबरहेवन’ या सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीचा कर्मचारी फसव्या ईमेलला भुलला आणि नाताळच्या सुट्टीत त्यांच्या एक्स्टेंशनमधून घातक अपडेट लोकांपर्यंत गेलं. माहितगारांची ही गत, तर आपण किती जपायला हवं!

माझं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असतं : बँकेसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात एकही अ‍ॅड-ऑन ठेवू नका. बाकीच्या प्रोफाइलात जे लागेल त्याचा ‘साइट अ‍ॅक्सेस’, म्हणजे वेबसाइटचं पान वाचण्याची परवानगी, क्लिक केल्यावरच, असा ठेवा. आणि सिंक तपासा. एकाच खात्याने दोन कॉम्प्युटरवर लॉगिन असेल तर एकीकडे टाकलेलं दुसरीकडेही जाऊन बसतं.

गुहागर

मी शिक्षिका आहे. मराठी टायपिंगसाठी अ‍ॅड-ऑन वापरत होते. पानावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर ते वाचू शकतं हे कळल्यावर काढून टाकलं. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासून आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जोडायचा एवढंच. हाच मजकूर त्यावर लिहिलाय.

देवगड

चिपळूणकर, सिंकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुण्याला लेकीच्या कॉम्प्युटरवर माझंच खातं आहे. आत्ता फोन करून तिला यादी उघडायला लावली. तो कन्व्हर्टर तिच्याकडे चालू स्थितीत आहे म्हणे. काढतोय आम्ही.