रुकी बिग मॅनकडून पहिल्याच सीझनला एवढी अपेक्षा बरोबर आहे का?

धागाकर्ता: एनबीए बास्केटबॉलमधलं दरवर्षीचं आहे हे, रुकी म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, आणि बिग मॅन म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. एखादा सात फुटी पोरगा ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) वरच्या नंबरला जातो, समर लीगमधे (उन्हाळ्यातल्या तयारीच्या मॅचमधे) चार डंक (वरून बास्केटमधे कोंबलेला बॉल) आणि दोन ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) दिसतात आणि लगेच लोकांना नवा वेम्बानयामा (स्पर्स टीमचा उंच स्टार) पाहिजे असतो. वेम्बीने २०२३-२४ ला रुकी असताना सरासरी २१.४ पॉइंट, १०.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल), ३.६ ब्लॉक काढले हे खरंय, पण तो अपवाद आहे, सगळ्यांना तीच फूटपट्टी लावायची नसते. योकिचचे पहिल्या सीझनला सरासरी १० पॉइंट आणि ७ रिबाउंड होते. गोबेअर तर २.३ पॉइंटवर होता, पुढे चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला. बिग मॅनला निदान तीन वर्षं द्या राव.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. योकिच ड्राफ्टमधला ४१वा पिक (निवड), गोबेअर २७वा, त्यांच्याकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. पहिल्या तीनातला पिक म्हणजे फॅन्सनी टीमला अख्खा सीझन हरताना बघून त्या बदल्यात मिळालेला पोरगा असतो, त्याच्याकडून नाही मागायचं तर कोणाकडून मागायचं? २०२० ला वॉरियर्स टीमनी दुसऱ्या नंबरला वाइजमन घेतला, तिसऱ्याला लामेलो बॉल नावाचा खेळाडू गेला आणि तोच रुकी ऑफ द इयर झाला. वाइजमनला वेळ द्या वेळ द्या करत २०२३ ला ट्रेड करून टाकला.

धागाकर्ता: वाइजमन कॉलेजला तीनच मॅच खेळला होता, रुकी सीझनला ३९ झाल्या आणि गुडघा गेला, पुढचा अख्खा सीझन बाहेर. त्याला शिकायला मिळालंच कधी?

प्रतिसाद २: तुम्ही दोघं पॉइंटवरच अडकलाय. पिक अँड रोलला (एक जण आडवा उभा राहून बॉलवाल्याचा डिफेंडर अडवतो, म्हणजे स्क्रीन लावतो, मग बास्केटकडे पळतो) रुकीचे पाय बघा. गार्ड (बॉल घेऊन येणारा) स्क्रीनवरून सुटून येतो, मागून त्याचा बिग रिमकडे (बास्केटच्या कडीकडे) पळतोय, आता रुकीने पुढे जायचं की मागे थांबायचं? अर्धा सेकंद उशीर झाला तरी एक तर डोक्यावरून लॉब (उंच पास) जातो नाहीतर हा हात खाली आणतो आणि फाउल. सहा फाउलला बाहेर, म्हणजे कोचला त्याला मधेच बसवावाच लागतो, मग पॉइंट येणार कुठून? हात सरळ वर ठेवून उडी मारायला शिकला की मिनिटं आपोआप वाढतात. बॉक्स स्कोअरमधे (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) यातलं काही दिसत नाही.

प्रतिसाद ३: आणि शरीराचं काय? ओडन २००७ चा पहिला पिक, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पहिला सीझन खेळलाच नाही, अख्ख्या करिअरमधे १०५ मॅच. एम्बीडची पहिली दोन वर्षं बाहेर गेली. एवढ्या उंच पोराला रोज ३५ मिनिटं पळवा म्हणणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते.

प्रतिसाद १: दुखापतीचं मान्य, त्यावर कोणी वाद घालत नाही. पण होल्मग्रेन पण पायाच्या दुखापतीने एक वर्ष बसला होता ना, परत आला तो रुकी म्हणून ८२ च्या ८२ मॅच खेळला आणि त्याची टीम थंडर ५७ मॅच जिंकली. लाइव्हली तर १२वा पिक, पहिल्याच वर्षी डॅलसबरोबर फायनलला. ज्याच्यात दम असतो तो पहिल्या सीझनलाच दिसतो.

धागाकर्ता: लाइव्हलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! त्याला काम काय दिलं होतं? स्क्रीन लाव, टीममधल्या स्टार डॉन्चिचचा लॉब पकड, रिम सांभाळ. कोणी त्याला टीम खांद्यावर घे म्हटलं नाही. आणि वेम्बी एवढा भारी खेळूनही स्पर्स त्या वर्षी २२ जिंकले, ६० हरले. मग एकट्या रुकीकडून प्लेऑफ कसला मागताय?

प्रतिसाद १: प्लेऑफ मी मागतच नाहीये, सुधारणा मागतोय. नोव्हेंबरला ज्या स्क्रीनवर फसतो त्याच स्क्रीनवर मार्चला पण फसत असेल तर मी बोलणार, मग त्याला तीन वर्षं द्या नाहीतर पाच.

प्रतिसाद २: एवढं मागणं रास्त आहे.