येळवशीची शुभेच्छापत्रे: ठसे, मार्कर आणि जून भेंडी

अ-१०३: सर्वांना नमस्कार. यंदाही वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, आपल्या सोसायटीतील बहुतेक घरे कोणा ना कोणाच्या शेतावर जेवायला जाणार आहेत. जाताना आपण मिठाईचा डबा नेतो आणि भज्जी-आंबिलीपुढे तो डबा त्या दिवशी कोणी उघडतही नाही, हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून या वेळी मुलांनी स्वतः केलेली शुभेच्छापत्रे यजमानांना द्यावीत, असे मनात आहे. अडचण एवढीच की, मागच्या नववर्षाला आमच्याकडे हा प्रयोग फसला होता. मुलीने स्टॅम्पपॅडच्या काळ्या शाईने फुले उमटवली आणि लगेच त्यांवरून पिवळा स्केचपेन फिरवला. फुले तर काळवंडलीच, पण पेनाचे टोकही कायमचे बिघडले. जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ब-४०२: दादा, चूक मुलीची नाही, क्रमाची आहे. तुमची शाई आणि स्केचपेन हे दोन्ही पाण्यात विरघळणारे असणार, त्यामुळे पेनाच्या ओलाव्याने खालची रेघ पुन्हा ओली होते आणि रंगात पसरते. यावर सोपा उपाय म्हणजे उलटे करणे: आधी पिवळा, पोपटी असे फिकट रंग भरावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि काळा ठसा सर्वांत शेवटी मारावा. ठसा थोडा सरकला तरी बिघडत नाही, उलट ते काम हाताचे असल्याची खूण पटते. दुसरी युक्ती मला अधिक आवडते. रबरी शिक्का पॅडवर न टेकवता त्याच्या उंचवट्यावर थेट स्केचपेनाने रंग लावावेत, म्हणजे पानाला हिरवा, फुलाला लाल, असे एकाच शिक्क्यावर दोन-तीन रंग बसतात. तोपर्यंत पहिला रंग वाळलेला असतो, म्हणून आरशावर सोडतो तशी तोंडाची वाफ शिक्क्यावर सोडावी आणि तो लगेच कागदावर दाबावा. हे फक्त पाण्याच्या स्केचपेनाने जमते; पर्मनंट मार्कर वाफेला दाद देत नाही.

ब-३०४: मावशी, आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे. त्याच्या हातात कोरायचे पाते देण्याची माझी हिंमत नाही. तो काय करू शकेल?

ब-४०२: ताई, त्याला पाते लागणारच नाही. भाजीवाल्याकडून जून भेंडी आणा, कोवळी नको. कोवळी दाबली की चेपते. देठाकडून बोटभर अंतरावर आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल मिळते आणि बियांच्या जागाही उमटतात. कापलेली बाजू आधी जुन्या सुती कापडावर टिपून घ्यावी, नाहीतर तिचा चिकटपणा रंगाला कागदावर बसू देत नाही. बटाट्यालाही हाच नियम, कारण त्याला पाणी सुटते. शिवाय बटाट्याचा ठसा दुसऱ्या दिवशी आक्रसतो, तेव्हा कोरल्या दिवशीच काम उरकावे. रंगासाठी ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर पोस्टर कलर पसरावा. वाटीत बुडवलेल्या भेंडीचे फूल उमटत नाही, डाग पडतो.

आणि ज्वारीचे कणीस मात्र धाकट्याकडूनच करून घ्या. हिरव्या मार्करने एक उभी रेघ ओढून द्या. मग पेन्सिलीच्या मागचे खोडरबर पिवळसर रंगात टेकवून त्याने त्या रेघेच्या वरच्या टोकाभोवती ठिपके द्यावेत, मध्ये दाट आणि टोकाला विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दाणा. रबराचा रंग संपत आला की ठिपके आपोआप फिके होतात आणि कणसाला गोलाई येते; मोठ्या माणसाला हे ठरवून साधत नाही, कारण तो प्रत्येक ठिपक्यासाठी पुन्हा रंग घेतो.

अ-४०१: कोपीतले पांडव, म्हणजे येळवशीला शेतातल्या कडब्याच्या खोपीत पुजतात ते पाच दगड, कसे दाखवावेत? माझ्या मुलीने पाच गोल काढून त्यांत पांढरा स्केचपेन भरला, तर काहीच दिसले नाही.

ब-४०२: पांढरा रंग पांढऱ्या कागदावर दिसणार तरी कसा? मातीच्या रंगाचा जाड कागद घ्या, अंगठा पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये टेकवा आणि ओळीने पाच ठसे उमटवा. चुना लावलेले दगड असेच दिसतात. ते वाळल्यावर लाल मार्करच्या बारीक टोकाने कुंकू लावावे. वरची कडब्याची कोप कागदाच्या रंगाहून गडद तपकिरी मार्करने तिरप्या रेघा ओढून करावी. रेघा सरळ आल्या नाहीत तरी कडबा तरी कुठे सरळ असतो!

क-२०१: एक सूचना. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना यंदा येता येणार नाही, म्हणून काही पत्रे टपालाने जातील. मी टपाल खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे हिशेब सांगतो. साध्या पत्राला ५ रुपयांचे तिकीट २० ग्रॅमपर्यंतच चालते. २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा) पूर्ण ए-फोर कागद दुमडून पत्र केले तर नुसता कागदच सुमारे १५.६ ग्रॅम भरतो आणि मोठ्या लिफाफ्यासह वजन मर्यादेबाहेर जाते. तोच कागद अर्धा कापून एका अर्ध्याचे पत्र केले, तर ते ८ ग्रॅमच्या आत राहते आणि लिफाफ्यासह १२ ग्रॅमच्या आसपास येते. कमी तिकिटाचे पत्र नॉटपेड ठरते आणि शुभेच्छा घेणाऱ्यालाच पोस्टमनला पैसे द्यावे लागतात.

अ-१०३: अण्णा, हे फार उपयोगी सांगितलेत. आम्ही अर्धाच कागद घेऊ.

अ-४०१: माझ्याकडे खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातून आणलेला हातकागद आहे. दिसायला सुंदर आहे, पण मार्कर टेकवला की शाई मुळांसारखी पसरते.

ब-४०२: तो कागद चिंध्या आणि कापसाच्या लगद्याचा असतो आणि त्यावर खळ कमी असेल तर तो शाई पिऊन टाकतो. जुन्या काळी हातकागदाला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत असत, ते याचसाठी. घरी भाताची पातळ पेज कापडाने गाळून ब्रशने एक हात द्यावा, सावलीत वाळवावा आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटावा. आधी एका तुकड्यावर करून पाहा. एवढा खटाटोप नको असेल, तर त्या कागदावर मार्कर वापरूच नका. भेंडीचे ठसे त्याच्या खरबरीत पोतावर फार छान दिसतात आणि माझे मत विचाराल तर तेवढेच पुरे आहे.

ब-३०४: आमच्या मोठ्या मुलाने खोडरबरावर ‘शुभेच्छा’ कोरले. चार तास गेले आणि अक्षरे उलटी उमटली. तो आता कोणाशी बोलत नाही.

ब-४०२: त्याला सांगा, हे प्रत्येकाचे एकदा होतेच. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहावा, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासावा. अक्षरे उलटी उतरतात आणि छापल्यावर सरळ होतात. मात्र ‘शुभेच्छा’ पुन्हा घेऊ नये. उकार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेघा रबरातून तुटतात. ‘येळवस’ घ्यावे, सगळी अक्षरे शिरोरेघेला धरून राहतात आणि तुटण्यासारखी एकच मात्रा आहे. बाकी मजकूर हाताने लिहावा. तुझ्या अक्षरातले दोन शब्द यजमान जपून ठेवतील, माझ्या शिक्क्यातले नाहीत, असे मी सांगितले म्हणून कळवा.

अ-१०३: चमकी लावावी का? मुलांचा फार आग्रह आहे.

ब-४०२: दादा, पत्र शेतात जेवणाच्या पंगतीत द्यायचे आहे. चमकी आंबिलीत उतरली तर बिंदगी, म्हणजे आंबिलीचे भांडे, कोण निवडत बसणार?

क-२०१: मावशींशी सहमत.

ब-३०४: मोठा बोलू लागला आहे. त्याने ‘येळवस’ उलटे उतरवले आहे आणि उद्या कोरणार आहे. मावशी, घरात एकच जून भेंडी उरली आहे, बाकीची सासूबाईंनी भाजीत घातली.

ब-४०२: एका भेंडीत बरेच होते. ठसा बोथट झाला की एक चकती कापून टाका, खाली नवे फूल तयार असते.