शाळेतलं जेवण, डबा आणि आपली बडोद्याची पोरं : तुमचे अनुभव लिहा

लेक जूनपासून पहिलीत जायला लागली आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी डबा उघडून पंचनामा सुरू झाला. भाजी तशीच, पोळीचे कोपरे कुरतडलेले, आणि "मम्मी, रिसेसमध्ये टाइमच नाही मिळत". म्हणून म्हटलं इथल्या सगळ्यांना विचारावं. शाळेत शिकवलेलं असेल, स्वतः मुलं सांभाळली असतील, कुणी सरकारी शाळेत जेवलं असेल, काहीही लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

दांडियाबाजारची मावशी
मी कॉर्पोरेशनच्या प्राथमिक शाळेत होते, आता रिटायर. मुलं आम्हाला बेनच (गुजरातीत ताई) म्हणायची, मराठी वर्गातलीसुद्धा. जेवण वाढायच्या आधी शिक्षकांनी चाखायचं असा नियमच आहे, आणि लोकांना ती फॉर्मॅलिटी वाटते पण एकदा खिचडीत मीठच नव्हतं, मी एक घास घेतला आणि ओरडले, थांबा थांबा, मग स्वयंपाकवाल्या बेननी पाण्यात मीठ विरघळवून ते पातेल्यात फिरवलं, पोरं ताटं घेऊन रांगेत ताटकळली, पण जेवली. कागदावर पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. वाचायला छान. प्रत्यक्षात पोरगं दुधी बघितला की बाजूला सारतं, आणि ते ५० ग्रॅम ताटाच्या कडेला जाऊन बसतात! दुधी किसून खिचडीतच घातला की मात्र कुणाला पत्ता लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मी त्यांच्याबरोबर खाली पंगतीत बसायला लागले तेव्हापासून टाकणं कमी झालं. आधी उभी राहून "संपव, संपव" करायचे, त्याने काही होत नसे.
आणि तिथिभोजन! कुणाच्या घरी वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं श्राद्ध, की शाळेत जेवण यायचं. गोड असायचंच. त्या दिवशी हजेरी फुल्ल.

रावपुऱ्याचा बाबा
आमची प्रायव्हेट शाळा, नाव नको. वर्षाच्या सुरवातीला हेल्दी टिफिनचा चार्ट आला, सोमवारी पास्ता, मंगळवारी सँडविच. मी मुलाला थालीपीठ आणि लोणी दिलं तर डायरीत रिमार्क, "प्लीज फॉलो चार्ट". अहो, भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद सगळं आहे, आणि मैद्याचा पास्ता हेल्दी? बायको म्हणाली भांडू नका. मी भांडलो. आता चार्टमध्ये "ट्रॅडिशनल फूड" असा एक वार आहे, त्या दिवशी अर्धा वर्ग थेपले आणतो आणि आमच्या थालीपीठावर टपून बसतो.

आजोबा_मांडवी
गुजरातेत दुपारचं जेवण १९८४ पासून आहे, देशाची योजना १९९५ ची. माझा धाकटा भाऊ ८४ ला तिसरीत. घरी पुरेसं होतं तरी आईला न सांगता शाळेत जेवायचा, कारण सगळे मित्र तिथे. घरी येऊन परत जेवायचा. आईला वाटायचं जंत झालेत.

अलकापुरी_वहिनी
आजोबा 😂 जंतांची गोळी तर आता शाळेतच देतात, १० फेब्रुवारीला. माझा पोरगा ती चॉकलेट समजून दुसरी मागत होता.

सूरसागरकाठी
मी वर्षभर एका शाळेत व्हॉलंटियर होते. हात धुवायला साबण ठेवला की दोन दिवसांत गायब, कधी पोरं नेतात कधी गटारात. मग साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला. टिकला. तिथेच कुंड्यांमध्ये मेथी लावली, तीनेक आठवड्यांत वीतभर झाली, पोरांनीच खुडली आणि त्या दिवशी थेपल्यात घातली. कडू लागते म्हणून रडणारी एक मुलगी "हे माझं पान आहे, हे माझं" करत खात होती. बाकी गेटच्या बाहेर बर्फाच्या रंगीत गोळ्याची गाडी, तिच्यासमोर आमचं काही चाललं नाही हं, खोटं कशाला सांगू.

धागाकर्ती
मावशी, तुमचं वाचून काल मीही डबा भरून तिच्यासमोर तोच खायला बसले. अर्धी भाजी संपली! सुखडीचं, म्हणजे त्या गूळ-तुपाच्या वडीचं, प्रमाण कुणी देईल का, शाळेत मिळते ती लेकीला घरी हवीये म्हणे, शेजारच्या मुलीने चाखवली.

दांडियाबाजारची मावशी
एक वाटी कणीक, पाऊण वाटीला थोडं कमी तूप, पाऊण वाटी चिरलेला गूळ. कणीक तुपात मंद आचेवर बदामी भाज, गॅस बंद कर आणि मगच गूळ घाल. गॅस चालू ठेवून गूळ शिजवलास तर दगड होईल, आणि मग दाताच्या डॉक्टरचं बिल मला पाठवू नकोस.