शिकतानाच व्याज भरावं की नोकरी लागेपर्यंत थांबावं?

हिशेबी:
शैक्षणिक कर्ज काढताना सगळे दर विचारतात. व्याज कधीपासून चढतं, हे फार थोडे विचारतात. 'हप्ता नोकरीनंतर' म्हणजे व्याजही नोकरीनंतर, असा सोयीचा समज. शिकतानाचं व्याज सरकार भरतं अशा योजना सोडल्या, तर पैसे उचलल्या दिवसापासून मीटर चालू.

दरवर्षी अडीच लाख, अशी चार वर्षं, दर १० टक्के. शिकत असेपर्यंत सरळ व्याज धरलं तरी शिक्षण संपून सहा महिन्यांनी पहिला हप्ता येतो तेव्हा डोक्यावर १० नाही, १३ लाख असतात. हे वरचे तीन लाख मुद्दलात मिळवले की व्याजावर व्याज. दहा वर्षांत फेडायचे २०.६ लाख. शिकतानाच व्याज भरत गेलात तर सगळं मिळून १८.९ लाखांच्या आत. पहिल्या वर्षी महिन्याला जेमतेम दोन हजार पडतात. तेवढे तरी भराच.

फटकळ:
पहिल्या वर्षाचा आकडा दिलात, शेवटच्या वर्षाचा गिळलात. तेव्हा तेच व्याज महिना ८,३३३ होतं. एवढे दरमहा हातात असते तर माणसाने कर्जच कमी काढलं नसतं का?

माझी बहीण शिकवण्या घेऊन व्याज भरायची. रात्री अकराला घरी, पुस्तक उघडं ठेवून त्यावरच झोपलेली. दोन विषय राहिले, वर्ष लांबलं. जास्तीच्या वर्षाची फी गेली, वर एका वर्षाचा पगार बुडाला. वाचवलेलं व्याज त्यापुढे चिल्लर.

हिशेबी:
८,३३३ बरोबर, लिहायला हवं होतं. पण मुलांनीच कमवून भरावं असं मी म्हटलेलं नाही. आईवडिलांना झेपेल तेवढं त्यांनी भरावं.

उंबरठा:
'झेपेल तेवढं' कुठे थांबतं, ते सांगा. कर्ज नको म्हणून बाबांनी निवृत्तीची ठेव मोडून माझी फी भरली. आता चष्मा बदलायचा तरी मला विचारतात, तेही आडून. "काच अजून चालतेय तशी." बँकेचं देणं असतं तर एक दिवस फिटलं असतं.

पाटीपेन्सिल:
तुम्ही सगळे हप्ता ठरलेलाच असतो असं धरून भांडताय. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून फेड उत्पन्नाला बांधलेली आहे. कमाई ठरावीक मर्यादेखाली असेल तर काहीच भरायचं नाही, वर गेली की करासोबत वसूल. पहिल्या नोकरीचा पगार किती असेल हे अठराव्या वर्षी कुणाला माहीत असतं?

फटकळ:
आणि तिथे थकलेली रक्कम महागाईप्रमाणे वाढते, हे? २०२३ मध्ये एका फटक्यात ७.१ टक्के वाढली. इतकी ओरड झाली की पुढे नियम बदलून ती वाढ मागच्या तारखेपासून कमी करावी लागली.

पाटीपेन्सिल:
वाढली, कबूल. पण त्या वर्षी ज्याची नोकरी गेली त्याला हप्त्याची धास्ती नव्हती. मला तो फरक मोठा वाटतो.

हिशेबी:
ठरलेला हप्ताच ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठी एक. हप्ता जड जातो म्हणून लोक मुदत वाढवून घेतात. वरच्याच १३ लाखांना दहाऐवजी पंधरा वर्षं लावली तर हप्ता १७,१८० वरून १३,९७० वर येतो, हायसं वाटतं, आणि एकूण फेड २५ लाखांच्या वर जाते. घ्यायचीच असेल तर घ्या, पण पगार वाढला की जादा रक्कम मुद्दलात भरा. भरताना 'हप्ता तोच, मुदत कमी' असं लेखी द्या, नाहीतर काही ठिकाणी परस्पर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात.

उंबरठा:
हे लेखी द्यायचं माहीत नव्हतं. घराच्या कर्जालाही चालेल ना?

हिशेबी:
चालेल. आधी मुदतपूर्व फेडीला दंड आहे का, ते विचारून घ्या.

फटकळ:
बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणते, पहिली दोन वर्षं भरलं ते ठीकच, शेवटच्या वर्षी थांबायला हवं होतं. शिकवण्या मात्र आवडायच्या म्हणे. माझं मत बदललेलं नाही.