सरकारी रुग्णालयात आयव्हीएफ मोफत हवं का?

गोदाकाठ: २०२३ मध्ये गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ, म्हणजे बाईचं बीज बाहेर काढून लॅबमध्ये फलित करून गर्भ परत गर्भाशयात सोडण्याचा टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सुरू झालं. आपल्याकडे ही सोय जिल्ह्याजिल्ह्यात का नसावी? भारतात शास्त्रीय नोंदींसह जन्मलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९८६ साली परळच्या केईएममधलं, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातचं. म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयातलं! आज मात्र खासगी सेंटरमध्ये एका सायकलला, म्हणजे उपचाराच्या एका फेरीला, दीड-दोन लाख सहज जातात आणि आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत. आमच्या परभणीकडे यासाठी लोक शेत गहाण टाकतात.

रातपाळी: माझा विरोध आहे. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझरची बाई कळा देत असताना आम्ही तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याला धाडतो. आयव्हीएफला भ्रूणतज्ज्ञ लागतो, वेगळी लॅब लागते, इन्क्युबेटरची वीज एक मिनिटही जाऊन चालत नाही. एवढं करून चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर यश फारच थोड्या जणींना मिळतं. हातात मोजका पैसा असेल तर तो आधी बाळंतिणीवर खर्च व्हावा.

उंबरठा: मूल दत्तक घ्यावं की. इतका अट्टाहास कशाला?

गोदाकाठ: @उंबरठा, कारा या सरकारच्या दत्तक संस्थेच्या यादीत लहान बाळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आणि दत्तक घेणं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, तो उपचार नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही.

@रातपाळी, तुमच्या बाळंतिणीचा हक्क मी हिरावत नाही. पण क्षयरोगाचं बघा. गर्भाशय आणि नळ्यांचा क्षय आपल्याकडे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. गोळ्या सरकार फुकट देतं, जंतू मरतात, पण एकदा चिकटून बंद झालेल्या नळ्या सहसा उघडत नाहीत. गर्भाशयाचं अस्तर शाबूत असेल तर अशा बाईला आयव्हीएफ हाच मार्ग उरतो. क्षय गरिबाघरी जास्त, आणि त्याच्या परिणामावरचा इलाज फक्त पैसेवाल्यांना. हे मला पटत नाही.

निळी शाई: दोघेही थेट शेवटच्या पायरीवर पोचलात. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी आधी सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, नवससायास होतात, गावात तिला ओटीला बोलावणं बंद होतं, आणि नवरा काही शे रुपयांची वीर्यतपासणीही करत नाही. माझ्या बहिणीची यात उमेदीची वर्षं गेली. वय निघून गेल्यावर सेंटर गाठलं तर कुठलीही लॅब काय करणार? बाईची फाईल उघडताना त्याच दिवशी नवऱ्याची तपासणी झालीच पाहिजे, असा नियम तालुक्याच्या पातळीवर करा. त्याला फारसा खर्चही नाही.

रातपाळी: @निळी शाई, शंभर टक्के. आमच्या ओपीडीत नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून असतो, आत येतच नाही.

@गोदाकाठ, क्षयाचा मुद्दा मान्य. तरी प्रत्येक जिल्ह्याला लॅब नको. विभागात एक, वैद्यकीय महाविद्यालयातच असावी.

गोदाकाठ: चालेल. पण बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू असताना दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. रोजंदारीवरची बाई परभणीहून संभाजीनगरला किती हेलपाटे मारणार? सोनोग्राफी आणि इंजेक्शनं तालुक्याला, बीज काढणं आणि गर्भ गर्भाशयात सोडणं तेवढं विभागाच्या ठिकाणी. याला तरी विरोध नाही ना?

रातपाळी: याला नाही. फक्त आधी रेडिओलॉजिस्टची जागा भरा. आमच्याकडे मशीन आहे, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, आणि त्या दिवशी गरोदर बायकांचीच रांग संपत नाही.